शुक्रवारच्या लग्नाआधीची निरवानिरव

मी, कौशल्या बद्रीनाथ लोणकर, वय ६१, तीस वर्षे टायपिंगची शिक्षिका, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या दहा बोटांनी टाईप करून ठेवते. चुका नाहीत; शोधू नयेत. तब्येत ठणठणीत आहे, बुद्धी शाबूत आहे. घाई इतक्यासाठीच की परवा शुक्रवारी मी लग्न करते आहे.

१. वर श्री. जयसिंग ढमढेरे, वय ६४, विधुर, राहणार येरवडा. सदाशिव पेठेतल्या माझ्या क्लासची मशिन्स यांनी सव्वीस वर्षे दुरुस्त केली. टाईपरायटरला गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा आम्ही दोघांनी एकाच कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. पहिल्याच दिवशी ओळ संपली, टाईपरायटरची कॅरेज मागे ढकलायला उठावा तसा सवयीने माझा डावा हात उठला आणि डावीकडून डोकावणाऱ्या जयसिंगरावांचा चष्मा उडाला. चष्मा उचलत ते म्हणाले, "बाई, मशीन बदललं, हाताला कोणी सांगितलेलं दिसत नाही." मी इतकी हसले की मास्तरांनी आम्हाला वेगळं बसवलं. तो सगळा दिवस मला करमलं नाही. मग कळायचं ते कळलं.

२. कर्वेनगरचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. तो माझ्या पश्चात माझा मुलगा शुभंकर याने घ्यावा. लग्नामुळे यात काहीही बदल होणार नाही. जयसिंगराव यावर हक्क सांगणार नाहीत, तसं त्यांनी स्वतःच लिहून दिलं आहे.
शुभंकर सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. त्याला एकटीने वाढवलं, तो आता मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत आहे. लग्नाचं कळल्यावर म्हणाला, "आई, लोक म्हणतील, फ्लॅटसाठी केलं त्यांनी." त्यावर जयसिंगराव म्हणाले, "मला फ्लॅट नको रे बाबा, संध्याकाळी चहाला माणूस हवंय." तेव्हापासून तीन आठवडे मुलगा माझ्याशी बोललेला नाही. लग्नाला आला तरच फ्लॅट, अशी अट घालू का, असं वकिलांनी विचारलं. मी नाही म्हटलं. तो यावा म्हणून जीव तुटतो आहे, पण लाच देऊन आलेला मुलगा मला नको.

३. क्लासची अकरा मशिन्स जयसिंगरावांना. त्यांच्याशिवाय ती कोणाचं ऐकत नाहीत.

४. चांदीचा करंडा नणंद चंद्रभागा हिला. मी विधवा म्हणून तिने चोवीस संक्रांती मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पुढच्या संक्रांतीला बोलवावंच लागेल. मी लवकर येईन आणि उशिरापर्यंत बसेन.

५. पांढऱ्या व फिकट साड्या हव्या त्याने न्याव्यात. मी दोन हिरव्या घेतल्या आहेत, एक जरा भडकच आहे. लग्नाची नोटीस द्यायला गेलो तेव्हा अंगावर शाल होती. आता माठ काढलाय आणि खिडकीबाहेरचा पिंपळ कोवळ्या पानांनी नुसता चमकतोय. पाडव्याची गुढी येरवड्याला उभारीन. तिथल्या तुरुंगावरून करायचे सर्व विनोद नातेवाइकांनी करून झाले आहेत. मला फार आनंद झाला आहे, हे कायद्याच्या कागदात बसत नसेल तरी राहू द्यावं.

पुणे, दि. २१ मार्च २००१
सही: कौशल्या बद्रीनाथ लोणकर (या नावाने बहुधा शेवटची)

साक्षीदार १: मथुराबाई काळभोर, शेजारी

हस्तलिखित दुरुस्ती, त्याच दिवशी:
दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत असताना शुभंकर आला. उभ्यानेच सगळं वाचलं आणि रिकाम्या ओळीवर सही ठोकली. वकील म्हणाले, "अहो, ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये." तो म्हणाला, "मग मला नको. फ्लॅट अपेक्षाच्या नावे लिहा." अपेक्षा माझी सून. तिच्या नावे लिहिला आहे.
मी त्याला म्हटलं, "अरे, दुसरं कोणी सही केली असती." त्याने पेनाला टोपण लावलं. म्हणाला, "शुक्रवारी लग्नाच्या नोंदणीला तीन साक्षीदार लागतात ना? तिथेही माझ्या जागी दुसऱ्या कोणाची सही चालणार नाही मला."

साक्षीदार २: शुभंकर बद्रीनाथ लोणकर, मुलगा