एकसष्टावा दात

१२ ऑगस्ट
बोलून बसले. परत घेणार नाही.
काल कळमनुरीच्या सभेत कारागिरांच्या हातांवर बोलत होते. सभेचे अध्यक्ष रामप्रसादराव व्यासपीठावरच उठले आणि मनगट वर केलं. परदेशी घड्याळ, सोन्याचं, आतलं यंत्र काचेतून दिसणारं. "शिलाताई, असले हात आपल्याकडं न्हाईत. एक करून दाखवा, मग बोला." लोक हसले. माझेच लोक.
मी माईकवरूनच सांगितलं – दोन ऑक्टोबरला याच मैदानात असलंच घड्याळ हातानं केलेलं दाखवीन. चाललं नाही तर पुन्हा माईकला हात लावणार नाही.
पितळी पत्रा आहे, कानशी आहेत. स्प्रिंगा तेवढ्या जुन्या घड्याळातल्या. बत्तीस वर्षं शाळेत हस्तकला शिकवली, ती काय कागदाची फुलं करायला?

२६ ऑगस्ट
मधल्या चाकाला साठ दात हवेत. कागदी पट्टीवर कर्कटकानं साठ सारखी घरं पाडायची, पट्टी तिच्याच मापाच्या लाकडी चकतीला गुंडाळायची, त्या खुणांवरून चाकाचे दात कापायचे. कर्कटक माझ्याकडे. मोजायला माझा थोरला भाऊ, दगडोबादादा. जवळा बाजारात ज्वारी मापण्यात हयात गेली त्याची.
पहिल्याच घराला म्हणाला, "लाभ."
मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की बरकत जाते म्हणे! मी म्हटलं, "दादा, ही पायली नाही. एक म्हण."
"लाभ म्हटल्यानं तुझ्या घड्याळाला काय तकलीफ होऊन राहिली?"
"एक म्हण."
"बरं बाई. एक."
पुढं दोन, तीन करत साठपर्यंत मोजलं.

९ सप्टेंबर
चालू झालं. कानाला लावून बसले कितीतरी वेळ.

१० सप्टेंबर
तासाला मिनिटभर मागे पडतंय. भिंगाखाली चाकाचे दात मोजले. एकसष्ट. म्हाताऱ्यानं लाभही मोजला आणि एकही. जन्मभर पुस्तकं वाचून ज्याच्याशी भांडले, ते माझ्याच घरात माझ्या चाकात येऊन बसलं.

१३ सप्टेंबर
आखाडा बाळापूरला अंधश्रद्धेवर बोलले. हीच गोष्ट सांगितली, दादाच्या नावासकट. लोक पोट धरून हसले. इतक्या टाळ्या यंदा पडल्या नव्हत्या.

१७ सप्टेंबर
चांगुणावहिनी दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. "वन्सं, बाजारात समदे त्यास्नी एकसष्ट म्हणून हाका मारून राहिलेत. एकजण तर म्हणला, याच्या पायल्याबी अशाच असतील. काल माप घरी आणून ठिवलं त्यायनी. आता जात न्हाई म्हणतेत."
मी म्हटलं, चूक झाली ती झाली. मी खोटं काय सांगितलं?
"तुमी कवा खोटं बोलता, वन्सं," म्हणाली आणि गेली.

२१ सप्टेंबर
नवी पट्टी. दार लावून एकटीनं, मोठ्यानं मोजून. चाक कापलं. मोजलं.
एकसष्ट.

२२ सप्टेंबर
सकाळी तिसरी पट्टी घेतली. पहिलं घर पाडलं आणि तोंडातून निघालं – लाभ. दुसऱ्या घराला म्हटलं – एक. मग दोन. कर्कटक तसंच कागदात रुतून राहिलं.
आमचे वडीलही मापाडी. त्यांच्या मांडीवर बसून ज्वारीच्या राशीपाशी मोजायला शिकले, ते लाभपासूनच; 'एक' मागून शाळेत चिकटला. वाचायला तर नंतर शिकले.
त्या दिवशीचं आता लख्ख दिसतं. दादा लाभ म्हणाला, मी घर पाडलं. मी दरडावलं, तो एक म्हणाला, मी पुन्हा घर पाडलं. त्यानं त्याच घराचं नाव बदललं होतं. हात माझा पुढं गेला.

२३ सप्टेंबर
दादाकडे गेले. कोपऱ्यात पायली पालथी. म्हटलं, "तिसरं चाक मोजायला चल."
वर न बघता म्हणाला, "अन् बाळापूरला कोण जाणार सांगायला?"
"चूक माझी होती, दादा."
"मला काहून सांगतीस? मला पहिल्या दिवशीपासून म्हाईत आहे."

२ ऑक्टोबर
तिसरं चाक केलं नाही. मैदानात एकसष्ट दातांचंच घड्याळ वर धरलं, ते का मागे पडतं आणि कोणाच्या हातानं, ते सांगितलं, आणि माईक रामप्रसादरावांच्या हातात दिला.