वासाची खातरजमा

३ फेब्रुवारी
काल कुणीतरी ‘आग, आग’ ओरडलं आणि अख्खी बिल्डिंग चपला हातात घेऊन खाली. निष्पन्न काय? टेलरकाकांचा टोस्ट करपला होता. आजच्या मीटिंगमध्ये मला आपत्कालीन माहिती समितीचा प्रमुख नेमलं. बायको म्हणते, दुसरं कोणी तयारच नव्हतं. तिला राजकारण कळत नाही.

४ फेब्रुवारी
नियम तयार. संकटाची बातमी दोन वेगवेगळ्या घरांनी लेखी द्यायची. मग समितीचं मतदान. मगच पळायचं. प्रमुखाच्या घरची साक्ष बाद. नाहीतर वशिल्याचा आरोप व्हायचा.
सर्दीने नाक चोंदलंय. उद्यापासून वाफ.

७ फेब्रुवारी
फॉर्म छापून आले. रकाने अकरा. या धावपळीत वाफ राहिली.

९ फेब्रुवारी, सकाळी १०.१०
दूध बघायला सांगून बायको आंघोळीला गेली. बघतोच आहे. तोवर नववा रकाना दुरुस्त करतो.

१०.२५
बायको बाथरूममधून ओरडतेय, गॅसचा वास येतोय. घरची साक्ष. मला तर कसलाच वास येत नाही.

१०.२७
टेलरकाका जिन्यातून तेच ओरडताहेत. फॉर्म दिला. चष्मा खाली राहिला म्हणे. कमाल आहे!

१०.३२
फोनवर मतदान. पाच विरुद्ध एक: वास नाही. पाचही जण आपापल्या ऑफिसात, त्यामुळे मतं शांत डोक्याने पडली.
आता दूध.

दुपारी
दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. मी पुन्हा पेटवायला लायटर उचलला. बायकोने ओल्या केसांनी धावत येऊन हात धरला. पलीकडच्या खोलीत आई झोपली होती.
फार घाबरलो. तरी नियमात चूक नाही, अंमलबजावणीत थोडी गडबड झाली.

१० फेब्रुवारी
बायको आईला घेऊन स्वतःच्या बहिणीकडे गेली. जाताना एवढंच विचारलं, की मी ओरडत होते ते ऐकू येत होतं ना? येत होतं, म्हटलं. मग तिने आईची पिशवी उचलली.
समितीने मला एकमताने पदावरून मोकळं केलं. या वेळी फॉर्म अगदी बिनचूक भरला होता.

१३ फेब्रुवारी, सकाळी ८
सर्दी उतरली. वाफ न घेताच!
स्वयंपाकघरातून काहीतरी करपल्यासारखा वास येतोय. मी लावलेला टोस्ट असावा. खात्रीला अजून एक माणूस हवं.
घरचं चाललं असतं.