खालची पायरी

९ जानेवारी २००४

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर मला बोलायला सुचत नाही आणि तुला ऐकायला वेळ नसतो, म्हणून हा खटाटोप. बाबांचा ट्रक सापडला! महायुद्धातला अमेरिकन, दहा चाकांचा, बाबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला तोच. एका खडीवाल्याच्या आवारात टायरांविना, लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. सोबत त्याच काळातला दोनचाकी ट्रेलर. ओळखला कशावरून सांगू? दाराखालच्या मूळ पायरीच्या खाली बाबांनी जी जास्तीची पायरी जोडली होती ना, तुझ्या लाडाची, तिच्यावरून.

दोन्ही ओढून घरी आणले. तुझी वहिनी गेल्यापासून घरात घड्याळाखेरीज कुणी बोलत नाही. आता शेडमध्ये निदान हातोडा तरी बोलतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी जुन्या लष्करी गाड्यांचं प्रदर्शन आहे. शेजारच्या सीटवर तू हवीस. सबबी चालणार नाहीत.

तुझा,
दादा

२८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वर्गातच फोडलं आणि पोरींसमोर डोळे पुसावे लागले. तुला सांगते, मला त्या गाडीचा वाससुद्धा आठवला. पण साठी आली, आता त्या राक्षसाखाली शिरून पडतोस, कुणी हाक ऐकायला तरी असतं का जवळ? जॅकवर भरवसा ठेवू नकोस, ठोकळे लाव. जेवतोस की चहावरच भागवतोस?

यायचं बघते. गुडघा फार कुरकुरतो आहे. आणि ती खालची पायरी तशीच राहू दे हं.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.
तुझी,
ठेंगू

१५ फेब्रुवारी

चि. ठेंगूस, अनेक आशीर्वाद.

इंजिन सुरू झालं. पहिल्या फटक्यात नाही, अकराव्या. मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. रंगाचे सात थर खरवडले. कुणाच्या तरी पिवळ्याखाली बाबांचा निळा, त्याखाली लष्करी हिरवा, आणि बॉनेटवर पांढरी चांदणी निघाली. तुझ्या वहिनीला हाक मारायला तोंड उघडलं होतं.

पायरी मात्र गेली. जुन्या माहितीपुस्तकात नाही ते गाडीवर नको, असा प्रदर्शनाचा नियम आहे आणि परीक्षक नाकासमोर चालणारा. ग्राइंडर लावून कापली. खरं सांगू? वाईट वाटलं नाही. बाबांनी माझ्यासाठी कधी एक खिळा ठोकला नाही. दहा वर्षांचा असताना मी त्याच केबिनमधून उडी मारून पाय मोडून घेतला. महिन्याने प्लॅस्टरसकट घरी आलो, तर ही नवी पायरी, आणि तिच्यावर उभी राहून तू मला वेडावत होतीस! त्यानंतर मी कधी तिला पाय लावला नाही. चाकावर पाय देऊनच चढलो. आता या वयात ही कुरबुर शोभत नाही, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला?

तुझी सीट शिवायला टाकली आहे. तारीख कळव.

दादा

२ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. दादा, ती पायरी माझी नव्हती रे.

तुला दवाखान्यात ठेवून बाबा दुसऱ्या दिवशी एकटेच घरी आले. जेवले नाहीत, हातपाय धुतले नाहीत, तडक शेडमध्ये गेले. मी सात वर्षांची, मागोमाग. त्यांनी मला बाजूला केलं आणि तुझी शाळेची चड्डी आणायला सांगितली. ती दारापाशी धरून, तुझा पाय कुठवर पोचेल ते बघून खडूने खूण केली. म्हणाले, पोराचा पाय पुन्हा मोडायला नको. आणि मला बजावलं, त्याला सांगू नकोस, लाडावेल.

मी वेडीने तो शब्द पन्नास वर्षं पाळला. मला वाटायचं, तुला केव्हाच कळलं असेल. माझं चुकलं. आणि तू गाडी इतकी जुनी केलीस, की तिच्यात आपण कुणी जन्मलेलोच नाही.

माझं येणं होत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं आहे. रागावू नकोस. माया कमी करू नकोस.

ठेंगू

३० मार्च

चि. ठेंगूस, अनेक आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? डॉक्टर सांगतील तितकंच चाल, मुख्याध्यापिकेसारखी भराभर नको.

तुझं पत्र वाचून भंगाराचा ढीग उपसला. पायरी तिथे नव्हती. मग आठवलं, ट्रेलरचा दांडा टेकवायला मीच ती खाली सारली होती. महिनाभर भार वाहत होती बिचारी. कापल्याची खूण दाराखाली होतीच, तिथेच पुन्हा जोडली. वेल्डिंगच्या काचेमागे डोळे पुसता येत नाहीत, म्हणून सांधा जरा वाकडा आला आहे.

प्रदर्शनाला गेलो. शेजारची सीट रिकामीच होती. तिच्यावर तुझं पत्र ठेवलं होतं. परीक्षक वाकून बघत राहिला आणि ही कुणाची भर, असं त्याने विचारलं. माझ्या वडिलांची, म्हटलं, माझ्यासाठी. त्याने मान हलवली आणि गुण कापले.

परत निघताना सवयीने चाकावर पाय दिला होता. तो काढला आणि पायरीवर ठेवला, पहिल्यांदाच. दहा वर्षांच्या पोराच्या मापाची आहे ग ती, मला फार खाली पडते. तरी तिच्यावर बराच वेळ उभा होतो.

तुझाच,
दादा