एकसष्ट पोरी आणि अडतीस पानं

सेलू, १४ नोव्हेंबर २००३

चि. प्रफुल यास रूपराव काकाचा आशीर्वाद. इकडं सारे मजेत, तुझ्या काकूचे गुडघे सोडून. सूनबाईची तब्येत कशी आहे? तू पुण्यात कम्प्युटरच्या कंपनीत, म्हणून ही हकिकत तुलेच लिहून राह्यलो. दुसऱ्याले सांगतली तर मले येड्यात काढतीन.

आपल्या समाजाच्या वधूवर मंडळाची वेबसाईट दिवाळीत सुरू झाली. (सचिव मीच; बियाण्याचं दुकान सांभाळून उरलेला वेळ समाजाले.) एकसष्ट मुलींचे बायोडाटे, फोटोसकट, एका झिप फाईलीत दाबून बसवले. क्लिक केलं की फाईल उतरते, असं बनवणाऱ्यानं सांगतलं होतं. माझी रक्षाही त्यात सतराव्या नंबरावर. तिचं यंदा जुळलं नाई तर काकू मले घरात टिकू देणार नाई, हे तुले माहीत आहे.

तर परवा नालवाडीचे दौलतराव आले. मुलगा किशोर, नोकरी पक्की, घर स्वतःचं. असं स्थळ आपल्या पायानं दारात आलं! हातात अडतीस कागदांची गुंडाळी, कोपऱ्याले हळदकुंकू. झालं असं, इंटरनेट कॅफेत क्लिक केल्यावर फाईल उतरलीच नाई, पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आन् तुटकी इंग्रजी अक्षरं पसरली. यांनी त्यातली पहिली अडतीस पानं छापून घेतली, देवापुढं ठेवली आन् पत्रिका म्हणून ज्योतिषी नत्थूजीकडं नेली. नत्थूजीनं चष्मा लावून छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळवून दिले. (त्याची दक्षिणा कधी बुडत नाई.) आता दौलतरावांचा एकच सवाल, पहिल्या ओळीत 'पी.के.' आहे, ही पोरगी कोणाची?

खोटं काऊन सांगू, 'आमचीच' म्हणाले माझी जीभ वळवळली होती. तेवढ्यात रक्षा चहा घेऊन आली. कागद पाहून दौलतरावांले म्हणते, काका, झिप फाईलीची सुरुवात पी.के.नंच होते, ही कोणाची पत्रिका नाई, तुम्ही गाठोडं न सोडताच छापलं. दौलतराव चहा अर्धा ठेवून गेले. मले असा राग आला का बोलू नको. पण मग राग राह्यला बाजूले आन् मीच तिले विचारत बसलो.

फाईल धडधाकट, मग अशी काऊन दिसली? ती म्हणते, सर्व्हर फाईलीच्या पुढं एक चिठ्ठी पाठवते, आत काय आहे त्याची. आपल्या सर्व्हरले झिप कशाशी खातात तेच माहीत नवतं, म्हणून त्यानं चिठ्ठीवर 'साधा मजकूर' लिहून दिलं, आन् कॅफेतल्या ब्राउझरनं मजकूर समजून सारं पडद्यावर मांडलं. मी म्हटलं, बावळट आहे का तो, उघडून पाहाले काय होते? (पोत्याची चिठ्ठी वाचूनच मी माल उतरवून घेतो, हे मग ध्यानात आलं.) बरं, चिठ्ठ्या किती प्रकारच्या? कोणी मुद्दाम चुकीची लिहिली तर? दोन तास दुकानात गिऱ्हाइकाकडं पाहिलं नाई. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्धेच्या कॅफेत गेलो. तिथं ती टायपिंग शिकाले जाते असा माझा समज होता! तिनं सर्व्हरच्या सेटिंगमधी एक ओळ लिहिली, झिपच्या फाईलीले 'अ‍ॅप्लिकेशन/झिप' म्हणत जा. क्लिक केलं, फाईल उतरली, सतराव्या नंबरावर रक्षा. म्हणजे वेबसाईटच्या कामात तुझी मदत लागणार नाई.

सूनबाईले आशीर्वाद सांगजो.

तुझा,
रूपराव काका

ता. क. दौलतरावांचा फोन आलता. चहा घेऊन आलेली पोरगी पसंत आहे म्हणते. मी थांबा म्हटलं. रक्षाले पुण्यात कम्प्युटरचा कोर्स करायचा आहे, तीन वर्षांपासून मागं लागली होती, मीच कान देत नवतो. त्याचं वाईट वाटते. २३ तारखेच्या रविवारी सकाळी स्टेशनवर तिले घ्याले येजो. ती वर्षभर तुमच्याकडं राहीन.

ता. क. २ काकूले मी सांगतलं का पोरगी पुण्याले स्थळ पाहाले चालली. काकूचा फोन आला तर मुलगा उंच आहे म्हणजो.