धडा सातवा, शेवटची दोन मिनिटं

४ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कार्यशाळेत सांगितलं होतं, प्रत्येक उपक्रमाची नोंद ठेवा. उपक्रम: बायकोला पुन्हा बोलतं करणे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर हिचा उजवा हात लुळा पडलाय. कळतं सगळं, पण शब्द फुटत नाही. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, सर, शिकवू नका, नुसतं बोलत बसा त्यांच्याशी. नुसतं बोलत बसा! जन्मभर भाषा शिकवलेल्या माणसाला हे सांगायचं. निवृत्तीआधी ऑनलाइन अध्यापनाची कार्यशाळा केली आहे मी. प्रमाणपत्र आहे, फ्रेम केलेलं.
महिनाअखेर लेक येतेय. फोनवर सांगून टाकलं, आई दारातच तुला ठकी म्हणून हाक मारेल, पहिल्यासारखी. तिने फोन लगेच ठेवला. आनंदाने गहिवरली असावी.

६ नोव्हेंबर
मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला. दारावर पाटी: रेकॉर्डिंग चालू, शांतता राखा. घरात आम्ही दोघंच, त्यात हिची वाचा गेलेली. तरी शिस्त ती शिस्त.
धडा पहिला तयार. नमस्कार, विद्यार्थी मित्रहो, माझ्यामागून म्हणा, वगैरे. सुरुवातीचं माझं घसा खाकरणं एडिटिंगमध्ये काही केल्या निघेना. राहू दिलं. धडा सुरू होतोय हे विद्यार्थ्याला कळतं.

९ नोव्हेंबर
हिला दिलेल्या टॅबवर क्विझ. चित्र येतं, शब्द म्हणायचा, टॅब ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. कपाचं चित्र आलं. ही नुसती बघत राहिली. मी बाजूने हळूच कप म्हणालो, ते टॅबने हिचंच धरलं. तांत्रिक बाब. बशी, चमचा, दार, सगळं तसंच. दहापैकी दहा!
निकाल लेकीला पाठवला. तिने विचारलं, आईचा आवाज रेकॉर्ड करून पाठवता का? म्हटलं, फाइल फार मोठी आहे.

१४ नोव्हेंबर
मागच्या खोलीतला बल्ब ऐन वेळी गेला. सातवा धडा, घरातल्या वस्तू, हिच्या पलंगासमोर बसून कसाबसा उरकला. उद्यापासून पुन्हा स्टुडिओ.

१८ नोव्हेंबर
यश! कोणता धडा किती पाहिला गेला त्याचा रिपोर्ट टॅबवर मिळतो. बाकीच्या धड्यांना ही हात लावत नाही, पण सातवा दिवसभर. डाव्या बोटाने स्वतः लावते. थेरपिस्ट बाईंना मुद्दाम फोन केला. त्या म्हणाल्या, छान, त्यात तुम्ही वेगळं काय केलंत? बराच विचार केला. निळा शर्ट! आणि हिरवा मार्कर.

२१ नोव्हेंबर
आठ ते अकरा, चारही धडे निळ्या शर्टात. शर्ट धुतलेला नाही, पण वास कॅमेऱ्यात येत नाही. हिने एकही पाहिला नाही. पुन्हा सातवाच. दाराच्या फटीतून डोकावलो तर ही हसत होती. घरातल्या वस्तूंमध्ये हसण्यासारखं काय आहे?
बारावा धडा, ठकी, लेकीच्या फोटोसकट तयार करायचा आहे. त्यामुळे हिच्याजवळ बसायला वेळच झाला नाही. चाललंय हे सगळं हिच्यासाठीच ना.

२४ नोव्हेंबर
सातवा धडा नीट तपासला. भयंकर चूक. धडा संपल्यावर कॅमेरा बंद करायचाच राहिला होता. शेवटची दोन मिनिटं रिकामी खुर्ची दिसते आणि माझा आवाज. अगं, पाय उघडे राहिलेत तुझे. किती गार पडलेत. थांब, केस विंचरतो, कशी दिसतेस बघ, झिपरी. पुढे मी बेसूर काहीतरी गुणगुणतोय.
हा गबाळेपणा लेकीसमोर गेला असता म्हणजे? तेवढं कापून धडा पुन्हा चढवला. जुनी फाइल उडवली, टॅबची कचरापेटीही रिकामी केली. आता कसं, सुटसुटीत.

२७ नोव्हेंबर
हिचं अभ्यासातलं लक्ष उडालं. सातवा लावते, व्हिडिओखालची पट्टी बोटाने शेवटपर्यंत ओढते, पुन्हा ओढते, मग टॅब उपडा घालते. टॅबच बिघडलाय. दुरुस्तीवाला म्हणतो, ठणठणीत आहे. त्याला काय कळतंय.

३० नोव्हेंबर
लेक आली. दारात हाक नाही. ही लेकीचा चेहरा डाव्या हाताने चाचपत राहिली. मी लगबगीने बारावा धडा लावला. लेक म्हणाली, बाबा, बंद करा हो ते.

१ डिसेंबर
लेकीने हिला पट्टी ओढताना पाहिलं. मला विचारलं, आई सातव्याच्या शेवटी काय शोधते? म्हटलं, काही नव्हतं गं तिथे, मी नुसता बोलत बसलो होतो.
वाक्य तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं.
दुपारभर फाइल शोधली. कचरापेटीत काही नाही. मी फार व्यवस्थित माणूस आहे.

२ डिसेंबर
आज धडा नाही. कॅमेरा नाही, शर्टही दुसरा. हिच्या पलंगावर जाऊन बसलो. पाय उघडे राहिलेत म्हणायचं, असं ठरवून गेलो होतो. पाय नीट पांघरलेले होते, लेकीने. वेणीसुद्धा तिनेच घातलेली. मी नीट असलेलं पांघरूण पुन्हा नीट केलं. लेक दारातून म्हणाली, बाबा, काहीही बोला.
मी घसा खाकरला. हिने मान वळवली आणि टेबलावरच्या टॅबकडे बघत राहिली. टॅब बंद होता. मी पलंगाच्या या बाजूला बसलो होतो.