विल्फ्रेडच्या गाडीची हवापेटी

लोअर परळ, मुंबई
ता. ९ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. कौसल्याअक्कास,
धाकट्या राजारामचा सविनय जयभीम. वि. वि.

शामरावदाजींचा खोकला कमी झाल्याचे वाचून बरे वाटले. इकडे सर्व ठीक आहे, फक्त रखमा माझ्याशी धड बोलत नाही. कारण सांगतो, पण तू लगेच भावजयीची बाजू घ्यायची नाही.

खोताच्या वाडीतला विल्फ्रेड तुला पत्रांतून माहीत आहे. रात्रीच्या ड्रॉइंगच्या वर्गात माझ्या शेजारी बसायचा, आता गिरगावात मोटारी दुरुस्त करतो तोच. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्याने दोन माणसांची लाल शर्यतीची गाडी घेतली. घेतली तेव्हा ती गाडी कमी आणि भंगार जास्त होती. वर्षभर खपून त्याने ती उभी केली, आणि महिनाअखेर पुण्याच्या शर्यतीत तो ती पळवणार आहे. अडचण एवढीच की इंजिनाला बॉनेटखालची तापलेली हवा मिळते. पुढच्या जाळीतून थंड हवा आत नेणारी पत्र्याची पेटी आणि नळ हवा, आणि ते बाजारात मिळत नाही. मी गिरणीत जन्मभर हवेचेच नळ बनवतो, म्हणून हे काम माझ्याकडे आले. त्याचा मालक गॅरेजात खाजगी काम करू देत नाही. तेव्हा कारखाना आमच्या खोलीतच!

पत्रा वाकवायला पाट्याचा दगड फार उपयोगी पडतो. रखमाच्या अबोल्याचे कारण तेच. चार दिवस चटणी शेजारून वाटून येते आहे.

दाजींना जयभीम. लोभ आहेच, तो रागावतानाही राहू दे.

तुझा,
राजाराम

---

खोपोली
ता. १४ नोव्हेंबर १९५८

चि. राजारामास अ. उ. आ.

पत्र पोचले. मी रखमाचीच बाजू घेणार. तिचा पाटा आधी धुऊन परत दे.

आई गेल्यावर तुला मी वाढवले, म्हणून स्पष्ट लिहिते. तुझ्या खोलीत पेट्रोल आहे का, याचे उत्तर टाळू नकोस. एका बाजूला स्टोव्ह पेटतो, दुसऱ्या बाजूला तुझी विडी! तुझे पत्र आल्यापासून जेवताना घास खाली उतरत नाही. दाजी हसतात. म्हणतात की राजारामचा हात पक्का आहे, उगाच काळजी करतेस. हात पक्का आहे हे मला ठाऊक आहे, पण तुझा स्वभावही मला ठाऊक आहे. एखादे काम येते म्हटले की तू दुसऱ्याचे ऐकत नाहीस.

गिरणीचा नळ भिंतीला खिळलेला असतो रे. तुझी ही पेटी पळणार आहे, आणि तिच्यामागे माणूस बसणार आहे. विल्फ्रेड सांगेल तसेच कर.

तुझ्या पोरींना माझे मुके. उत्तर लवकर धाड, म्हणजे माझ्या जिवाला थारा मिळेल.

तुझी,
अक्का

---

लोअर परळ, मुंबई
ता. २४ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

पेट्रोल आहे, पण एकच बाटली, तीही गॅलरीत. पाटा धुऊन दिला. आता तरी जेव.

पेटी झाली! काल गाडीवर चढवली आणि वरळीला समुद्राच्या कडेने फिरवून आणली. मी शेजारी बसलो होतो. अक्का, त्या इंजिनाचा आवाजच बदलला आहे. आधी दमेकऱ्यासारखे धापा टाकायचे, आता भरल्या छातीने गाते. विल्फ्रेड हसत होता आणि मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते विचारू नकोस.

एका गोष्टीवरून आमचे थोडे वाजले. त्याचे म्हणणे, पेटीच्या जोडांत नुसता जाड कागद घालून स्क्रू आवळावेत. मी त्याला हसलो. आमच्या खात्यात सफेता म्हणजे शिशाची पांढरी भुकटी आणि जवसाच्या तेलात भिजवलेले सूत वळून जोडात बसवतात. तो जोड दहा दहा वर्षे हवा सोडत नाही. त्याच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन माझ्याच पद्धतीने सूत भरले. वरळीला एक फुंकर बाहेर आली नाही. आता तो माझी तारीफ करत फिरतो आहे, त्याला कशाला सांगू?

शनिवारी सकाळी तो निघेल. वाटेत ठाण्याला मावशीकडे जेवून दुपारनंतर तुमच्या खोपोलीवरून घाटाला लागेल. तुझ्या दारात हॉर्न वाजवायला सांगितले आहे.

मायेत उणे पडू देऊ नकोस.

तुझा,
राजाराम

---

खोताची वाडी, गिरगाव
शनिवार, दुपार

ती. अक्कास जयभीम.

तार मघाशीच केली. ती तुला वेळेवर मिळाली असेल तर या पत्राचा उपयोग नाही, आणि मिळाली नसेल तरीही नाही. पण हात रिकामे ठेवले तर मला वेड लागेल, म्हणून पोलीनकडून कागद मागून घेतला आहे. पोलीन म्हणजे विल्फ्रेडची बायको.

आज माझी दुपारची पाळी. सकाळी खोली आवरायला घेतली. उरलेले पेट्रोल वाडग्यात ओतून हत्यारे धूत होतो. उरलेल्या सुताचा एक वळलेला तुकडा त्यात पडला. रखमाशी बोलता बोलता पाहिले, तर तेल विरघळून सफेता खाली बसलेला आणि सूत मोकळे होऊन वर तरंगत होते.

अक्का, आमच्या गिरणीच्या नळात फक्त हवा असते. मोटारीचे इंजिन मधूनच उलटे शिंकते आणि पेट्रोलचा फवारा त्या पेटीत येतो. वरळीला एकच फेरी झाली, म्हणून काही झाले नाही. ठाण्यापासून पुढे जोड भिजत जाणार, सूत सुटणार आणि इंजिन ते ओढून घेणार. आत एक पितळी झडप आहे, ती पायाने उघडते आणि मिटते. तिच्यात सूत अडकले तर पाय उचलला तरी गाडी पळतच राहते. आणि पुढे घाटाची वळणे आहेत.

लालबागेत संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा होता, ट्राम बंद. परळपासून पळत आलो. तो केव्हाच निघून गेला होता. ठाण्याच्या मावशीचा पत्ता पोलीनला नीट सांगता येईना. खोपोलीला माझे माणूस म्हणजे तूच. तार केली आणि इथे येऊन बसलो.

पोलीनला काही सांगितले नाही. मोर्चामुळे अडकलो म्हणून थाप मारली. ती मला चहा देते आहे. शर्यत जिंकल्यावर पडद्यांना कोणता रंग घ्यायचा ते विचारते आहे. मी निळा म्हणालो. मला फार भीती वाटते आहे, अक्का. तो कागदच घाल म्हणाला होता.

राजाराम

---

खोपोली
ता. २९ नोव्हेंबर १९५८, दिवेलागण

चि. राजारामास अ. उ. आ.

हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिले त्याच्याकडे आधी डोळे भरून बघ, मग पुढे वाच.

तार मिळाली. इंग्रजी होती, दाजींनी वाचून दाखवली. तुझे काम चुकले आहे, लाल गाडी घाटाआधी थांबवा, एवढेच. लाल गाडी थांबवायची कशी? शर्यतीच्या गाडीला रस्त्यावरची सगळीच माणसे हात करतात, तो उलट हात करून निघून जाईल. मग वस्तीतल्या बायांना हाक मारली आणि सत्याग्रहाला बसतो तशा आम्ही भर रस्त्यात फतकल मारून बसलो. दोन्हीकडे मालट्रकांच्या रांगा लागल्या. एका ड्रायव्हरने खाली उतरून घोषणाही दिल्या. त्याला आम्ही कशासाठी बसलो आहोत हे कुणीच सांगितले नाही.

तुझा विल्फ्रेड आला तो ट्रकांच्या कडेने. त्यालाही तसेच वाटले. सोडावे म्हणून सीटवर उभा राहून मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राचा जयजयकार करू लागला. मी त्याला म्हटले की महाराष्ट्राचे नंतर बघू, आधी ती पेटी उघड. आणि तार पुढे केली.

तार वाचून त्याने रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन पेटी काढली. दोन जोड शाबूत होते. तिसऱ्यातले सूत सुटून आत लोंबत होते, त्याचे टोक झडपेला लागले होते. त्याने ते ओढून बोटाला गुंडाळले आणि तो दगडावर टेकला. मग पाणी मागितले.

त्याला जेवायला वाढले. तो तुझ्यावर रागावला आहे, आणि रागावायलाच हवे. तुला जे ऐकवायचे ते तोच ऐकवेल. खाली मान घालून ऐक.

पण एक सांगते. पेटी नसली तरी गाडी चालते, असे तोच म्हणाला. उजेड असेतो घाट चढून पुण्याला पोचला असता, उद्या शर्यतीत उतरला असता. दाजींनी तसे त्याला म्हटलेही. तुला उलट तार करावी म्हटले, तर पोस्टाची खिडकी बंद झालेली, ती आता सोमवारीच उघडणार. हे ऐकले आणि त्याने गाडीचे तोंड मुंबईकडे वळवले. म्हणाला की शर्यत पुढच्या वर्षीही असते. राजा आत्ता माझ्याच घरी बसला असेल, पोलीनला काही न सांगता, आणि सोमवारपर्यंत तो तसाच बसून राहील.

तुझी,
अक्का