फायर हॉलबद्दल बाबा जे बोलले

प्रिय तनू,

फोनवर तू विचारलंस, फायर हॉलची मीटिंग कशी झाली, आणि मी "छान झाली" म्हणून विषय तुझ्या आरवच्या खोकल्यावर नेला. छान झाली नव्हती. तुझ्याशी बोलायला तोंड होईना, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो; सावकाश वाच.

हॉल आता अगदी खिळखिळा झालाय. लाल दरवाज्यांचे पोपडे निघालेत, वरच्या मजल्यावर बादल्या ठेवाव्या लागतात. अग्निशमन दलाचे बंबवाले हॉल सोडून गेल्यावर जमैकाहून आलेल्या कुटुंबांनीच तो रंगवून उभा केला होता. त्यांची लग्नं, मयतं, मुलांची शनिवारची शाळा, सगळं तिथेच. आता त्यांच्यातल्या आंटी व्हेल्माच्या कमिटीला तिथे यूथ सेंटर करायचंय. खाली बॉक्सिंग आणि स्वयंपाकघर, वर अभ्यासाची खोली आणि गाणी रेकॉर्ड करायला छोटा स्टुडिओ. कौन्सिलकडे जाण्याआधी त्यांनी आपल्या भागातल्या सगळ्यांना हॉलमध्येच बोलावलं होतं.

बाबा बोलायला उभे राहिले. मला वाटलं, पाठिंबाच देणार. म्हणाले, "कॅज्युअल्टीत असताना मी चाकूच्या जखमा शिवल्यात. अशा पोरांना एका छपराखाली गोळा केलंत, तर तो त्रास आपल्या दारात येईल." समोर बसलेल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी तपासलेलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढे म्हणाले, "आम्हीही बाहेरून आलो. आम्हाला कुणी सेंटर बांधून दिलं नाही. कुणाचा आधार नव्हता, तरी आमची मुलगी शिकली." मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग आणखी काही जणांनी. आंटी व्हेल्मा पहिल्या रांगेत होत्या. त्या वळल्या, पण बाबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन उघडत-लावत बसले.

तुला तर सगळं आठवत असेल. मी लॅबमध्ये, बाबा हॉस्पिटलात ऑन-कॉल. शाळा सुटली की आंटी व्हेल्मा स्वतःच्या दोन मुलांबरोबर तुलाही हाताला धरून हॉलवर न्यायच्या. मागच्या किचनमध्ये तुझ्यासाठी मटण न घातलेलं वेगळं पातेलं असायचं. तुला कांजिण्या आल्या, आम्हा दोघांनाही रजा मिळेना, तेव्हा त्यांनी तुला स्वतःच्या घरी ठेवलं. प्रायमरी संपेपर्यंत हे असंच चाललं. कितीदा तरी बाबांनीच तुला झोपलेली खांद्यावर टाकून तिथून आणलंय. आणि मराठी मंडळाच्या दर दिवाळीला तेच सांगतात, या देशात आम्हाला कुणाचा आधार नव्हता. लोक माना डोलावतात. मीही डोलावत आले. ती गोष्ट ऐकायला बरी वाटायची गं. आधार होता म्हणावं, तर कुणाचा ते सांगावं लागलं असतं, आणि मंडळात ते सांगायला आपल्याला कमीपणा वाटत होता. आज हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

दुसऱ्या दिवशी मी आंटी व्हेल्माकडे गेले. त्यांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. "डॉक्टरांना माझ्या नातवंडांची भीती वाटते, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि तू, वरदा? तू तर शेजारीच बसली होतीस." मी सॉरी म्हटलं. "ते इथे पायरीवर नको. कौन्सिलमध्ये येऊन सगळ्यांसमोर बोल," एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचा हक्कच कुठे होता!

परवा कौन्सिलची मीटिंग झाली. मी बोलणार आहे हे बाबांना सकाळीच सांगितलं होतं. त्यांना खरं वाटलं नसावं, पण तेही आले. मी उठले. इंग्रजी आठवेना. डॉक्टरांनी हॉलमध्ये जे सांगितलं ते खरं नाही, आमची मुलगी याच हॉलच्या किचनमध्ये वाढली, एवढं मात्र नीट बोलले. परवानगी मिळाली. माझ्यामुळे नव्हे, कमिटीची तयारीच चोख होती. बाहेर पडताना आंटी व्हेल्मांनी नुसती मान हलवली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "चारचौघांत मला खोटं पाडलंस. तनू हॉलवर जायची ती काही आठवड्यांची गोष्ट होती, तू वर्षांची केलीस." मला आधी वाटलं, हट्टानं बोलताहेत. पण तनू, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं. त्यांना खरंच तसं वाटतंय. इतकी वर्षं दुसरीच गोष्ट सांगून सांगून ही गोष्ट त्यांच्या मनातून पुसली गेली, आणि दर वेळी मान डोलावून मी ती पुसायला मदत केली.

शेवटी म्हणाले, "तनूलाच विचारतो." म्हणून हे पत्र. या रविवारी ते तुला फोन करतील. तू नेहमीसारखं "जाऊ दे ना बाबा" म्हणून त्यांना सांभाळून घेशील, आणि मलाही. या वेळी घेऊ नकोस. तुझे केस कोण विंचरायचं, ताप आला की उशाशी कोण बसायचं, सगळं सांग. मग ते एकदम गप्प होतील. तू घाईनं फोन ठेवू नकोस. ते बोलेपर्यंत थांब.

तुझीच,
अजून मान वर करता न येणारी
आई